नवऱ्याला सोबत आणावे

मुंबई बेट एके काळी एका डॉक्टरने खंडाने घेतलेलं होतं. गार्सिया द ऑर्ता त्याचं नाव. पोर्तुगालमधून तो १५३४ साली गोव्यात उतरला, तिथे त्याच्या वैद्यकीचा जम बसला, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्याकडून औषध घेऊ लागला आणि १५५४च्या सुमारास हे बेट त्याच्या ताब्यात आलं. एशियाटिक लायब्ररीच्या मागे नौदलाच्या हद्दीत जुना कोट आहे, तिथे त्याचं घर होतं. आपल्या बेटावरचा एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असं त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय. ते ज्या पुस्तकात लिहिलं ते गोव्यात १५६३ साली छापलं गेलं. इकडच्या औषधी, मसाले, मुळ्या यांची माहिती त्यात दोघांच्या गप्पांमधून येते. त्यातलं एक प्रकरण चोपचिनीवर आहे. ही मुळी १५३५च्या सुमारास चीनकडून इकडे आली आणि लगेच तिची मागणी वाढली, कारण गोव्यापासून चीनपर्यंतच्या बंदरांत एक नवा रोग पसरला होता आणि त्यावर ही मुळी चालते अशी बोलवा होती. तो रोग म्हणजे गर्मी. वैद्यांचा फिरंग, डॉक्टरांचा सिफिलिस. (ऑर्ता मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, तो मनाने ज्यूच राहिला होता म्हणून. पण ती गोष्ट वेगळी.)

मला हा ऑर्ता भेटला तो निवृत्तीनंतरच्या वाचनात. मी डॉक्टर नव्हे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी टेक्निशियन होते आणि नोकरीची बरीचशी वर्षं माझ्या टेबलावर गर्मीची एकच तपासणी होती: व्हीडीआरएल. सकाळी मामा बाटल्यांचा ट्रे आणून ठेवत. रक्तातलं सीरम वेगळं काढायचं, ५६ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, मग काचेच्या पट्टीवरच्या एकेका वर्तुळात एकेकाचं सीरम आणि त्यावर अँटिजेनचा थेंब. हे अँटिजेन कलकत्त्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ सेरॉलॉजीतून यायचं. त्यातला मुख्य पदार्थ बैलाच्या हृदयातून काढतात, हे आमच्यातल्या एकदोन सोवळ्या मंडळींना आम्ही शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पट्टी फिरत्या यंत्रावर चार मिनिटं ठेवायची, मिनिटाला १८० फेरे, आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. बारीक गुठळ्या दिसल्या की रिॲक्टिव्ह. मग तेच सीरम पातळ करत जायचं, एकास दोन, एकास चार, एकास आठ. जिथवर गुठळ्या दिसतात तो आकडा केसपेपरवर.

हा आकडा फार उपयोगी. पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं की सहा महिने-वर्षभरात तो निदान चौपट खाली यायला हवा. एकास बत्तीस असलेली बाई एकास आठवर येते, नंतर एकास दोनवर. आणि मग तीच बाई पुढच्या बाळंतपणाला नाव घालायला येते तेव्हा आकडा एकास चौसष्ट. मधल्या काळात ती कुठे गेलेली नसते. घर, नळ, रेशनचं दुकान. तिच्या जुन्या केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ असायची: नवऱ्याला सोबत आणावे. नवरा आलेला नसायचा.

या रोगाची कारणं सांगणारं लिखाण पाचशे वर्षांत ढीगभर झालं आहे. त्यातलं जे मला वाचता आलं त्यात मी टेक्निशियनच्या सवयीने एकच गोष्ट शोधत गेले, की नमुना कोणाचा घेतला आणि कोणाचा घेतलाच नाही.

जंतूचं काम सांगते, मग मागे जाऊ. बर्लिनमध्ये १९०५ साली फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी तो पहिल्यांदा पाहिला. बाटलीच्या बुचात घालायच्या स्क्रूसारखा पीळदार आणि इतका बारीक, की नेहमीच्या उजेडात दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड टाकला की चमकत, वळवळत जाताना दिसतो. शरीराबाहेर तो टिकत नाही. वाळला की मेला. त्यामुळे संडासाच्या भांड्यावरून, टॉवेलवरून, एका ताटात जेवण्याने लागण झाल्याच्या हकिकती मी ऐकल्या तेवढ्या सगळ्या मनाची समजूत घालण्यासाठी होत्या. त्याला ओली कातडी लागते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी एखादी खरचट. संबंधाच्या वेळी दोन्ही मिळतात. साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक व्रण उठतो. कडक, स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे न दुखणारा. बाईला तो आतल्या बाजूला झाला तर तिला पत्ताही लागत नाही. महिन्या-दीड महिन्यात तो आपोआप भरून येतो, काहीही औषध न घेता. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काही नाही. आणि मग दहा-वीस वर्षांनी काहींच्या हृदयाच्या मोठ्या धमनीत, काहींच्या मेंदूत, काहींच्या हाडांत त्याने केलेलं काम उघडं पडतं.

न दुखणं आणि आपोआप बरं दिसणं, या दोन गोष्टींवर या रोगाचा अख्खा इतिहास उभा आहे. वैद्य, हकीम, वैदू, बोहऱ्याकडची पुडी, नवस, कुणाचंही औषध घ्या, व्रण बरा होणारच होता. देणाऱ्याला वाटलं आपल्या हाताला गुण आहे, घेणाऱ्याला वाटलं सुटलो. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एवढा खात्रीचा धंदा दुसऱ्या कोणत्या रोगाने दिला असेल असं मला वाटत नाही.

सोळाव्या शतकातला भावमिश्र हा पहिला वैद्य, ज्याने संस्कृतात या रोगाला ग्रंथात जागा दिली. ‘भावप्रकाशा’त तो सांगतो, की हा रोग फिरंग्यांच्या देशात फार, आणि फिरंग्यांच्या अंगसंगाने, फिरंगी बाईशी संबंध आल्याने होतो. बाहेरचा, आतला आणि दोन्ही असे त्याचे तीन प्रकार त्याने केले. पुढे काय होतं तेही नेमकं लिहिलं: माणूस वाळतो, ताकद जाते, नाक बसतं, अग्नी मंदावतो, हाडं सुकतात, वाकतात. नाक बसण्याचं निरीक्षण वाचून मी थबकले होते. आमच्या विभागात एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांच्या नाकाची दांडी अशीच खचलेली होती, आणि डॉक्टर नव्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, हे आता पुस्तकातच बघायला मिळेल.

फिरंग्यांनी तो आणला हे भावमिश्राचं निदान चूक नव्हतं. १४९५ साली फ्रेंच सैन्य नेपल्समध्ये असताना युरोपात हा रोग वणव्यासारखा उठला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो त्यानंतर तिसऱ्या वर्षी. हा रोग कोलंबसाच्या खलाशांबरोबर अमेरिकेतून आला की युरोपात आधीपासून होता, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. लोकांचं मात्र प्रत्येक देशात एकमत होतं: इटलीत तो फ्रेंचांचा, फ्रान्समध्ये नेपल्सचा, रशियात पोलंडचा. पण जहाजातून उतरलेल्या खलाशाकडून गावातल्या बाईकडे आणि तिच्याकडून गावातल्या पुरुषाकडे तो गेला की पुढची साखळी फिरंग्याशिवाय चालते. त्या साखळीबद्दल ग्रंथात फारसं काही नाही.

औषध होतं पारा. रसकर्पूर पोटात, हिंगुळाची धुरी अंगाला. युरोपातही तेच चालू होतं, तिथे मलम चोळत आणि माणसाला कोंडून घाम काढत. पाऱ्याने तोंड येतं, लाळ गळते, हिरड्या सुजतात, दात हलतात. आणि लाळ गळाली म्हणजे विष बाहेर पडलं, असं पूर्वेकडे नि पश्चिमेकडे दोन्हीकडचे वैद्य मानत. पारा जंतूला थोडाफार मारतो हे खरं. माणसालाही मारतो. चोपचिनी त्या मानाने निरुपद्रवी. काष्ठौषधींच्या दुकानात ती आजही मिळते.

कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या गोऱ्या फौजेने या रोगाला हिशेबाच्या वहीत आणलं. १८५७ नंतर गोरे शिपाई वाढवले, छावण्या वाढल्या, पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली. शिपाई विशी-पंचविशीतले, आणि लग्नाची परवानगी शंभरातल्या मोजक्यांना. फलटणीबरोबर बाजार, आणि बाजारात लाल बाजार. १८६४च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने तिथल्या बायकांची नोंदणी, ठरल्या दिवशी तपासणी आणि रोग आढळला तर बंदिस्त इस्पितळ, असा सगळा बंदोबस्त केला. त्या इस्पितळाला लॉक हॉस्पिटल म्हणत. बायकांवर देखरेखीला एक महलदारनी. तिकीट हरवलं तर दंड.

आणि शिपायाची तपासणी? ती पूर्वी होती. १८५९ साली ब्रिटिश फौजेने ती बंद केली, कारण शिपायांना त्यात अपमान वाटतो, त्यांचा स्वाभिमान दुखावतो. विलायतेत १८७१ साली शाही आयोगाने तर लिहूनच ठेवलं, की बाई हे पैशासाठी करते आणि पुरुष एका नैसर्गिक ओढीने, तेव्हा दोघांना एका मापात धरता येणार नाही. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की माझ्या टेबलावर दोन बाटल्या आल्या असत्या तर कोणती नैसर्गिक ओढीची हे मला सूक्ष्मदर्शकातून कळलं नसतं.

छावणीतली हीच रीत शहरात आणायची म्हणून हिंदुस्थान सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. मुंबईत तो १८७० साली लागू झाला. वेश्यावस्तीतल्या बायकांनी पोलिसांत नाव नोंदवायचं आणि ठराविक मुदतीने डॉक्टरसमोर हजर व्हायचं. बायकांनी जमेल तसा तो चुकवला: कुणी वस्ती सोडली, कुणी नाव बदललं, कुणी आपण अमक्याची ठेवलेली बाई आहोत असं सांगितलं. खर्च सरकारने द्यायचा की नगरपालिकेने यावर दोघांची जुंपली आणि दोन वर्षांत, १८७२ साली, मुंबईतला अंमल थांबला. १८८० साली तो पुन्हा सुरू झाला आणि १८८८ साली कायदाच रद्द झाला. विलायतेत जोसेफिन बटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी उठवलेल्या गदारोळाचा त्यात मोठा वाटा होता.

एक साधा प्रश्न या सगळ्या कागदपत्रांसमोर मला पडतो. १८७० साली त्या डॉक्टरला दिसत काय होतं? परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, जंतू सापडला १८७९ साली, गर्मीचा १९०५ साली, रक्ताची पहिली तपासणी वासरमनने केली १९०६ साली. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी बघायचं. साधा पांढरा पदर आणि परमा यांतला फरक कळणार नाही; आतला न दुखणारा व्रण दिसला तर दिसला; आणि रोग सुप्त अवस्थेत असेल तर बाई अगदी निरोगी ठरणार. अशा तपासणीतून सुटलेली बाई ‘शुद्ध’ असल्याचा दाखला घेऊन परत जाई, आणि त्या दाखल्याच्या भरवशावर शिपाई निर्धास्त. तपासणीने रोग किती थांबवला याचा हिशेब तेव्हाही जुळला नाही. कायदा गेल्यावर १८९५ साली गोऱ्या फौजेत गुप्तरोगांसाठी इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण दर हजारी पाचशेच्या वर गेलं, तेव्हा कायद्याचे समर्थक म्हणाले, बघा. मग १९०५ साली सेनापती किचनरने शिपायांच्याच नावे पत्रक काढून त्यांना चार गोष्टी सुनावल्या, आणि त्या दशकात प्रमाण उतरत शंभराच्या खाली आलं. उतरण्याची कारणं बरीच होती, एका पत्रकाचं ते श्रेय नाही. पण पुरुषाला उद्देशून सरकारी कागद निघाला याची मी नोंद घेतली.

आता माझ्या गावाकडे, म्हणजे गिरणगावाकडे येते. आमचं बिऱ्हाड लालबागला, वडील साचेखात्यात. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी काढली आणि पुढच्या सत्तर वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापुरातून माणसं येत राहिली. माणसं म्हणजे पुरुष. बायका गावी, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायला, कारण गिरणीच्या पगारात मुंबईत संसार मांडणं परवडत नव्हतं. १९२१च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ बायका होत्या. म्हणजे बायका पुरुषांच्या जेमतेम निम्म्या. पुष्कळ पुरुषांना या शहरात बायको, बहीण, आई, कुणीच नव्हतं. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण, जेवण खानावळीत, मनिऑर्डर महिन्याला, घर शिमग्याला आणि गणपतीला. आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर कामाठीपुरा, फोरास रोड, गोलपिठा.

त्या वस्तीत बाई घरवालीच्या कर्जात बांधलेली. गिऱ्हाईक नाकारायचा तिला हक्क नाही. थोड्या बायका, पुष्कळ पुरुष, आणि प्रत्येकाला न दुखणारा व्रण: जंतूला यापेक्षा सोयीची मांडणी सापडली नसती. या रोगात माणूस कसा आहे याला महत्त्व नाही, तो कोणत्या जाळ्यात आहे याला आहे. आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेली बाई त्या पुरुषामार्फत त्या अख्ख्या जाळ्याला जोडलेली असते. गणपतीला बोटीने कोकणात उतरलेला गिरणीकामगार साड्या, खेळणी, टिनाची ट्रंक घेऊन येई आणि हेही.

गावाकडे मग दुसरीच भाषा सुरू व्हायची. गर्भारपणात जंतू वारेतून बाळापर्यंत जातो. पोट पडतं, नाहीतर मूल पोटातच जातं, नाहीतर जन्मल्यावर काही दिवसांनी. लागण ताजी असेल तेवढा धोका जास्त. जशी वर्षं जातात तसा तो कमी होतो, म्हणून पहिली दोन-तीन गेली आणि नंतरचं जगलं असं पुष्कळ घरांत व्हायचं, आणि मधल्या काळात जो देव केला त्याला यश मिळायचं. नाही जगलं तर बाईच्या कुशीत दोष. नवऱ्याचं दुसरं लग्न. आमच्याकडे अशी एक बाई आली होती जिची सवतही त्याच रांगेत बसलेली होती. दोघींचे केसपेपर एका पिशवीत. दोघींना घेऊन येणारी सासू मला म्हणाली, “बाई, दोन्ही सुना वांझोट्या मिळाल्या बघा.” मी काही बोलले नाही. रिपोर्ट डॉक्टरांनी सांगायचा, असा नियम होता.

मराठीत या सगळ्यावर आधी आणि सडेतोड बोलले ते र. धों. कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ असं पुस्तकही लिहिलं. रोग पापाने होत नाही, जंतूने होतो, आणि जंतू अडवायची साधनं आहेत, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या काळात अश्लील ठरलं. खटले झाले, १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना कुणी वाचलं, तर शिकलेल्यांनी. बाकीच्यांसाठी भिंती होत्या. लोकलच्या डब्यात, स्टेशनबाहेरच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती आम्ही लहानपणापासून वाचत आलो, अर्थ न कळता. असल्या जाहिरातींवर १९५४ साली कायद्याने बंदी आली. भिंतींना ते अजून कळलेलं नाही.

औषधाचं सांगायचं तर पाऱ्यानंतर आर्सेनिक आलं. पॉल एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी शोधलेलं ६०६ नंबरचं औषध १९१० साली सॅल्व्हरसन नावाने बाजारात आलं. शिरेतून द्यायचं, पुन्हा पुन्हा द्यायचं, आणि पुरे व्हायच्या आत रोगी यायचा बंद. मग १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनीने चार रोग्यांना पेनिसिलिन दिलं आणि चारशे वर्षांचा प्रश्न काही दिवसांच्या इंजेक्शनांवर आला. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. पुणेकरांची एच. ए. कंपनी. लांब टिकणारं बेंझाथिन पेनिसिलिन आल्यावर तर ताज्या लागणीला एक वेळ पुरे: २४ लाख युनिट, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. द्राव दाट, सुई जाड, दुखतं भरपूर. आमच्या सिस्टर म्हणायच्या, रोग दुखला नाही त्याची भरपाई.

मी नोकरीला लागले तेव्हा डॉक्टर मंडळींना वाटत होतं, हा विभाग आता काही वर्षांचा सोबती. रोगी येत होते, पण कारणं जुनीच सांगत. मटण जास्त झालं. तापलेल्या जमिनीवर लघवी केली. भट्टीसमोर काम आहे, उष्णता उतरली. काहींना कुणीतरी सांगितलेलं असायचं, की कोवळ्या मुलीशी संबंध केला की रोग उतरतो. त्या समजुतीचा हिशेब बालविभागाच्या केसपेपरांवर दिसायचा, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. आणि निरोध? तो १९६८ साली सरकारने आणला, पंधरा पैशांना तीन. लाल त्रिकोण, लहान कुटुंब. तो रोगही अडवतो हे जाहिरातीत कुठे मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. कुटुंबनियोजनाच्या पवित्र कामाला गुप्तरोगाचा डाग नको असावा. जो पुरुष फोरास रोडला जाई त्याला मूल नको-हवं हा प्रश्नच नव्हता, मग तो निरोध कशाला नेईल?

१९८६ साली मद्रासमध्ये सुनीती सोलोमन आणि निर्मला यांना एचआयव्हीची लागण झालेल्या बायका सापडल्या आणि आमच्या टेबलाला एकदम भाव आला. गुप्तांगावर व्रण असेल तर एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते. म्हणजे गर्मी शोधणं, बरी करणं हे एड्स रोखण्याचं काम झालं. १९९२ साली एड्स नियंत्रणासाठी नाको ही सरकारी संघटना स्थापन झाली. पण सवयही परत आली. पहिले नमुने पुन्हा त्याच वस्तीतून, पोलीस गाडी घेऊन, संमती न विचारता. अंमलदारांनी १८७०ची फाईल उघडून पाहिली असावी.

ती सवय मोडायला ज्यांनी हात घातला त्यांतलं एक काम सांगलीचं. ‘संग्राम’ संस्थेने तिथल्या गोकुळनगरच्या बायकांशी बोलून निरोध त्यांच्याच हातात दिले. कुणाला किती, कधी, कसे, हे बायका ठरवत, आणि गिऱ्हाईकाशी झगडायचं तर सगळ्यांनी मिळून. १९९६ साली त्यांची स्वतःची परिषद उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. एकटी बाई निरोधशिवाय नाही म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. अख्खी गल्ली नाही म्हणाली तर त्याला खिशात हात घालावा लागतो. एवढी व्यवहाराची गोष्ट शंभर वर्षांच्या कायद्यांना सुचली नव्हती.

नंतर विभागाचं नाव सुरक्षा क्लिनिक झालं, औषधांची रंगीत पाकिटं आली. व्रणासाठी पांढरं पाकीट. माझ्या शेवटच्या वर्षांत नवे रोगी वेगळे होते: कॉलेजातली मुलं, मोबाइलवर ओळख झालेले पुरुष, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, ज्यांना घरच्या नातेवाइकांना कळू नये म्हणून तीन उपनगरं ओलांडून आमच्याकडे यावं लागे. ते स्वतः येत, जोडीदाराचा फोन नंबर देत, काही तर त्याला घेऊनच येत. जुन्या रांगेत मला हे क्वचित दिसलं होतं. खाजगी डॉक्टर मात्र पेनिसिलिनची रिॲक्शन येईल या भीतीने गोळ्यांवर भागवत आणि आकडा उतरला नाही की मग चिठ्ठी देऊन पाठवत. शिवाय स्वस्त औषधाचं दुखणं असं, की ते बनवायला कंपन्यांना गोडी नसते. गेल्या दशकात कितीतरी देशांत बेंझाथिनचा तुटवडा पडला.

एक गोष्ट तांत्रिक आहे पण सांगितलीच पाहिजे. व्हीडीआरएल जंतू मोजत नाही, शरीरात उठलेली प्रतिक्रिया मोजते. हिवतापात, कुष्ठरोगात, काही संधिविकारांत, कधी नुसत्या गरोदरपणातही ती खोटी रिॲक्टिव्ह येते. एकास दोन, एकास चार अशा आकड्यावर टीपीएचए ही खात्रीची तपासणी केल्याशिवाय काही म्हणू नये. लग्न ठरताना ‘सगळ्या तपासण्या’ करून घेणाऱ्या एका घराने अशाच आकड्यावर मुलगी नाकारली होती. मुलाची तपासणी केली का, असं आमच्या डॉक्टरांनी विचारलं तर मुलाचे काका म्हणाले, “आमच्या मुलाची कशाला?”

आता गरोदर बाईचं बोट टोचून एका पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही वीस मिनिटांत कळतं. गावच्या उपकेंद्रात नर्स ते करते. यंत्र नको, अँटिजेन नको, माझ्यासारखी टेक्निशियनही नको. माझी भाची अशाच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. तिला मी विचारलं, पट्टीवर रेघ उठली तर पुढे काय. म्हणाली, बाईला इंजेक्शन, जन्मलेल्या बाळावर नजर, सगळं नीट लिहून दिलेलं आहे. आणि नवरा? “त्यालाही बोलवायचं असतं ना, आत्या. कागदात आहे. पण तो मुंबईला असतो.”